गावभागातला शनिवारचा बुद्धिबळ वर्ग: चॅम्पियन व्हायचं नसलेल्यांसाठी

आधी फी सांगते, कारण सांगलीत कुठल्याही वर्गाबद्दल पहिला प्रश्न तोच येतो. महिन्याला ६०० रुपये, रोख. शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, असं आपलं म्हणायचं; सर रंगात आले की नऊ वाजतात. जागा गावभागात, एका जुन्या वाड्याच्या माडीवर. वर्ग फक्त मोठ्यांचा. नाव-पत्ता इथे देत नाही, सरांनीच नको म्हटलंय. खुर्च्या मोजक्या आहेत आणि नाव कुठे छापून आलं की शाळकरी मुलांचे आईवडील "रेटिंग किती दिवसांत येईल?" विचारत जिना चढतात. त्यांना समजावून परत पाठवण्यात सरांची संध्याकाळ जाते.

त्या आईवडिलांची सांगलीत अडचण होण्याचं काही कारण नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांचं हे गाव. नूतन बुद्धिबळ मंडळात त्यांनी मुलं घडवली, मुलींना पटावर आणून बसवलं. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे इथल्याच. त्यामुळे इथे बुद्धिबळ म्हटलं की स्पर्धा, घड्याळं आणि भिंतीवर चिकटवलेले जोड्यांचे कागद हेच डोळ्यांपुढे येतं. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिते, पन्नाशी उलटली आहे, आणि मला एकही स्पर्धा खेळायची नाही. लहानपणी मामांनी सोंगट्या कशा चालतात ते शिकवलं होतं, गाडी तिथेच थांबलेली. नाट्यगीत ऐकायला स्वतःचा गळा गोड असावा लागत नाही, मग डाव बघायला आपण चांगलं खेळावं अशी अट का? हा वर्ग ती अट घालत नाही. सांगलीत दुसरा असा वर्ग माझ्या तरी पाहण्यात नाही.

इथे खेळणं कमी आणि बघणं जास्त. भिंतीवर चुंबकी सोंगट्यांचा मोठा पट, आणि दोघांत मिळून एक साधा पट टेबलावर. सर एक जुना, गाजलेला डाव घेतात. दर दोन-तीन खेळ्यांनी थांबतात आणि म्हणतात, "लिहा." मग प्रत्येकानं पुढची खेळी कागदावर लिहायची, का ते एका ओळीत लिहायचं, कागद उलटा ठेवायचा. सगळ्यांचं झालं की एकेक कागद वाचायचा आणि त्यानंतरच खरी खेळी पटावर यायची. मोबाइल दारातल्या टोपलीत. एका संध्याकाळी एकच डाव, जास्त नाही.

नव्या माणसाला पहिल्यांदा हमखास दाखवतात तो पॉल मॉर्फीचा १८५८ चा पॅरिसमधला डाव. ऑपेरा चालू असताना तिथल्याच बॉक्समध्ये बसून खेळलेला. एका बाजूला मॉर्फी, दुसऱ्या बाजूला ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इसुआर, दोघं आपसांत विचार करून खेळणारे. सतरा खेळ्यांत मात. यूट्यूबवर हा डाव पाच मिनिटांत उरकतो. आमचे दोन तास गेले आणि त्यातला मोठा भाग आठव्या खेळीवर.

तोवर पांढऱ्याचा वजीर बी३ वर (उभी रांग बी, पांढऱ्याच्या बाजूनं तिसरं घर; पुढची नावंही अशीच) आलेला असतो आणि काळ्याचं बी७ वरचं प्यादं उघडं पडलेलं असतं. आमच्यात कापड पेठेतले एक काका आहेत, दुकानदार माणूस. त्यांनी कागद उलटायचीही वाट बघितली नाही. "घ्यायचं की! फुकट ते पौष्टिक." जवळजवळ सगळ्यांनी तेच लिहिलं होतं. सरांनी मुकाट्यानं वजिरानं प्यादं मारलं आणि काळ्याचा वजीर बी४ वर आणून शह दिला. आता वजिरा-वजिरी झाल्याशिवाय सुटका नाही. पांढरा एका प्याद्यानं पुढे, डाव बरा, पण पटावरचा जोर उतरला. काकांना सर म्हणाले, "काका, तुम्ही जिंकलात. चाळीसाव्या खेळीला." मॉर्फीनं ते प्यादं तसंच सोडलं आणि सी३ वर घोडा काढला. घरात बसलेली आणखी एक सोंगटी बाहेर, एवढंच. तिथून पुढे त्याची प्रत्येक खेळी काहीतरी बाहेर काढते, काहीतरी मारते किंवा शह देते, आणि काळ्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

डाव संपल्यावर मी सवयीनं बेरीज मांडली. वजीर नऊ, हत्ती पाच, उंट-घोडे तीन-तीन, प्यादं एक, हा नेहमीचा भाव. मात होते तेव्हा पांढऱ्याकडे एक हत्ती, एक उंट आणि सात प्यादी: पंधरा. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि पाच प्यादी: पंचवीस. आणि पंधरावाला जिंकलेला! माझा कागद बघून सरांनी तो वर्गाला दाखवला आणि विचारलं, "ताई, या पंचवीसमधले किती कामावर होते?" मग मोजलं. काळ्याचा एफ८ वरचा उंट आणि एच८ वरचा हत्ती पूर्ण डावात एकदाही जागचे हलले नाहीत. म्हणजे आठ गुण नुसते हजेरीपटावर. सोळाव्या खेळीला मॉर्फी वजीर बी८ वर फेकतो, घोड्याला तो मारावाच लागतो, आणि घोडा हलल्यामुळे मोकळ्या झालेल्या रांगेतून हत्ती डी८ वर येऊन मात. हे मी आधी कितीदा पाहिलं असेल, पण "वा, वजीर दिला" यापलीकडे काही कळलं नव्हतं.

तासाच्या मधोमध चहा येतो आणि चहाबरोबर कोड्यांचा कागद: सहा पट, सोडवायला वीस मिनिटं. फोर्क (एका सोंगटीचा एकाच वेळी दोघांवर हल्ला), पिन (मागच्या मोठ्या सोंगटीपायी पुढचीला हलता न येणं), उघडा शह, दुहेरी शह अशी विभागणी. या भागात खास काही नाही. लिचेस या वेबसाइटवर असली कोडी लाखोंनी आहेत, तीही फुकट आणि जाहिरातींशिवाय, सर स्वतःच घरी ती सोडवायला सांगतात. त्यांचा कागद वेगळा ठरतो तो एका सवयीमुळे. सहा कोड्यांपैकी एकात काहीच नसतं. दिसायला दणदणीत बलिदान, पण दिलं तर तुम्ही हरता. कुठलं ते सांगत नाहीत. मोबाइलवर कोडं आलं म्हणजे उत्तर आहेच हे आपल्याला आधीच माहीत असतं. इथे ती खात्री काढून घेतात. गुदमरून मात, म्हणजे राजा कोपऱ्यात, भोवती त्याचीच माणसं, वजीर जी८ वर देऊन हत्तीला तिथे यायला लावायचं आणि घोड्यानं एफ७ वरून मात, हा प्रकार लुसेनाच्या १४९७ च्या पुस्तकातही आहे म्हणतात तेव्हा सरांचा आवाज जरा चढतो. पण पुढच्याच कागदावर तीच मांडणी असते, फक्त एफ७ कडे बघणारा एक उंट पटाच्या कडेला ठेवलेला. अर्धा वर्ग वजीर देऊन मोकळा.

सरांची निवड हाच या वर्गाचा खरा माल आहे. डाव सुटे येत नाहीत, जोडीनं येतात. एका शनिवारी त्यांनी रॉटलेवी विरुद्ध रुबिनस्टाइन घेतला, लॉड्झ, १९०७. काळ्याचे दोन्ही उंट पांढऱ्या राजावर रोखलेले, आणि रुबिनस्टाइन स्वतःचा वजीर मरायला सोडून हत्ती डी२ वर नेऊन ठेवतो. पंचवीस खेळ्यांत पांढऱ्यानं हात टेकले. त्या दिवशी सर कौतुक सोडून बाकी काहीच बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी कुठलीही प्रस्तावना न करता २०१३ चा वाइक आन झी इथला आरोनियन विरुद्ध आनंद मांडायला लागले. तेरावी खेळी होते, आरोनियनचा घोडा एच७ वरचं प्यादं खाऊन काळ्या राजाच्या अंगणात घुसतो. "लिहा." बहुतेकांनी घोडा मारला. आनंद त्याच्याकडे बघतही नाही. आपला घोडा जी४ वर. मग पंधराव्या खेळीला उंट सी५ वर, जिथे प्यादं त्याला सरळ मारू शकतं. आणि सोळाव्याला दुसरा घोडा ई५ वर, तोही मारता येण्याजोगा. तेव्हा माझ्या शेजारी बसणाऱ्या, मिरजेहून येणाऱ्या वहिनी एकदम म्हणाल्या, "अहो, हे तर गेल्या आठवड्यातले उंट!" बी७ आणि सी५. शंभर वर्षांहून जास्त अंतर, पण कर्णांवर तेच दोघं टपून बसलेले. तेवीस खेळ्यांत आरोनियननं डाव सोडला.

वहिनींना हे आपलं आपण दिसलं, सरांनी सांगितलं नव्हतं. ते न सांगण्यासाठीच सर आठवडाभर गप्प राहिले होते, हे मला नंतर लक्षात आलं. या एका गोष्टीचे ६०० रुपये मी डोळे मिटून देईन.

गुकेशचा डाव घ्या म्हणून सगळे मागे लागले होते. सिंगापूर, १२ डिसेंबर २०२४, चौदावा डाव, अठरा वर्षांचा पोरगा जगज्जेता. सरांनी तो पहिल्यापासून न घेता थेट पंचावन्नाव्या खेळीवर आणून ठेवला. समोरच्या, तोवरच्या जगज्जेत्या डिंग लिरेनचा उंट कोपऱ्यात ए८ वर, गुकेशकडे एक प्यादं जास्त, डाव बरोबरीकडे चाललेला. डिंग हत्ती एफ२ वर आणतो. "यात चूक काय ते लिहा." आमच्यातल्या एकालाही वेळेत दिसलं नाही, आणि ही चूक आहे हे आम्हाला आधीच ठाऊक होतं! हत्तीला हत्ती गेला, मग गुकेशनं उंट डी५ वर आणून कोपऱ्यातल्या उंटाला अदलाबदलीला भाग पाडलं, आणि उरलेल्या राजा-प्याद्यांच्या खेळात ते एक जादाचं प्यादं पुरेसं ठरलं. त्या खेळीवरून डिंगची लोकांनी भरपूर टिंगल केली. पटावर मांडून, अडीच आठवड्यांच्या थकव्याचा विचार करून एकदा बसून बघा म्हणावं.

इंजिनाचं, म्हणजे खेळी तपासून देणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅमचं काय, हा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. एक मुलगा, आयटीतला, घरून काम करणारा, अँडरसनचा १८५१ चा लंडनमधला "अमर डाव" घरी स्टॉकफिश नावाच्या इंजिनावर तपासून आला. दोन्ही हत्ती, उंट आणि शेवटी वजीर देऊन एका उंटानं आणि दोन घोड्यांनी मात करणारा तो डाव. पोरगं जरा अवघडतच म्हणालं, "सर, अठराव्या खेळीला उंट डी६ वर नेलाय ना, ती सगळ्यात चांगली खेळी नाहीये. डी४ चांगलं होतं." मला वाटलं आता "तुमची मशीनं तुम्हाला लखलाभ" असं काहीतरी ऐकू येणार. सरांनी भिंतीवरच्या पटावर डी४ केलं, त्याला पुढे बोलावलं आणि अर्धा तास त्याच्याकडूनच शिकून घेतलं, खोदून खोदून प्रश्न विचारत. मुलाला इंजिनाचा आकडा माहीत होता, कारण माहीत नव्हतं. ते दोघांनी मिळून शोधलं. माझ्या मते त्या वर्गातली ती सर्वांत चांगली संध्याकाळ होती, आणि तिचा बेत कुणीच आखलेला नव्हता.

आता सिनेमा. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी डाव नसतो, सिनेमा असतो. माझं मत विचाराल तर हा वर्गाचा सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वैतागवाणा भाग आहे. वैतागवाणा अशासाठी की सर रिमोट खाली ठेवत नाहीत. पडद्यावर पट दिसला रे दिसला की सिनेमा थांबतो, सगळ्यांनी मांडणी तपासायची. उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर पांढरं आहे का? नसलं तर पट आडवा मांडलाय. या खेळात इतके सिनेमे आणि जाहिराती नापास होतात की मला आता घरी टीव्ही बघणं अवघड झालंय, जावई म्हणतात, "आई, गोष्ट बघा की."

सत्यजित राय यांचा १९७७ चा "शतरंज के खिलाड़ी" दोन शनिवारांत पुरा केला. १८५६ चं लखनौ, कंपनी सरकार अवध गिळायला निघालेलं, आणि संजीव कुमार व सईद जाफरी पटावरून उठायला तयार नाहीत. सोंगट्या गायब होतात तेव्हा स्वयंपाकघरातल्या वस्तू मांडून खेळायला बसतात तो प्रसंग सगळ्यांना आठवतो. सरांनी थांबवला तो वेगळा प्रसंग: मुन्शीजी येऊन विलायती पद्धत समजावतात. प्यादं पहिल्यांदा दोन घरं चालतं, वजिराच्या जागी राणी. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत प्यादं एकच घर पुढे जायचं आणि राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा असायची. मग तासभर आम्ही त्या जुन्या नियमांनी खेळून बघितलं. डाव सुरुवातीला फार रेंगाळतो; दोन्ही फौजा समोरासमोर यायलाच कितीतरी खेळ्या जातात. नवाबी दुपारी अशाच संपत असणार. सिनेमाच्या शेवटी ते दोघे विलायती पद्धतीनं पट मांडतात, आणि स्वतः खेळून बघितल्यावर तो शेवट जरा जास्त बोचला.

"द क्वीन्स गॅम्बिट"चे भाग वहिनींच्या आग्रहाखातर बघितले. गॅरी कास्पारोव सल्लागार असल्यामुळे पट सरळ, डाव बहुतेक खऱ्या डावांवरून घेतलेले. शेवटचा डाव इव्हान्चुक आणि वुल्फ यांच्या १९९३ च्या डावावरून घेतलाय. खऱ्यात तो बरोबरीत सुटला होता, पडद्यावर अर्थातच नायिका जिंकते. पण त्याच मालिकेत नोना गाप्रिंदाश्विलीबद्दल एक वाक्य आहे, की ती पुरुषांशी कधी खेळलीच नाही. बाई १९६२ पासून १९७८ पर्यंत महिला जगज्जेती, ग्रँडमास्टर हा किताब मिळवणारी पहिली स्त्री, पुरुषांशी ढीगभर डाव खेळलेली. तिनं नेटफ्लिक्सवर खटला भरला आणि २०२२ मध्ये तो आपसांत मिटला. कल्पनेतल्या मुलीला मोठं करायला जिवंत बाईचं काम पुसायचं, हे काय! यावर वर्गात जो वाद झाला त्यात त्या दिवशीचा सिनेमा अर्धाच राहिला, आणि कुणाची तक्रार नव्हती.

कुब्रिकच्या "२००१: अ स्पेस ओडिसी"मधला तर फक्त एक तुकडा दाखवतात. अंतराळयानातला संगणक माणसाला बुद्धिबळात हरवतो. डाव १९१० चा, हॅम्बर्गचा, रोश विरुद्ध श्लागे, खराखुरा. पण जुन्या लिहिण्याच्या पद्धतीत प्रत्येकजण आपल्या बाजूनं घरं मोजतो, आणि संगणक वजीर उंटाच्या रांगेत "तिसऱ्या" घरात नेतो म्हणतो. काळ्या बाजूनं ते सहावं व्हायला हवं. कुब्रिक स्वतः पट्टीचा खेळणारा होता, त्यामुळे हे चुकून झालं की मुद्दाम, यावर आमच्यात दोन पक्ष आहेत. काका मुद्दामच्या पक्षात. सिनेमा त्यांनी बघितलेला नाही.

खोड्याही सांगते, नाहीतर सरांनी फी माफ केली म्हणाल. झेरॉक्स भयंकर. काळा उंट आणि काळं प्यादं एकसारखे दिसतात. एकदा आम्ही दोघींनी पूर्ण कोडं प्यादं समजून सोडवलं आणि उत्तर तरीही बरोबर आलं. जिना उभा आणि कठडा एकाच बाजूला, गुडघ्याचा त्रास असेल तर विचार करा. सिनेमाच्या दिवशी स्पीकर मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. सर डावाच्या शेवटाकडे, म्हणजे राजा-प्याद्यांच्या खेळाकडे, फारसं वळत नाहीत. गुकेशचा तो डाव सोडला तर त्यांना बलिदानंच आवडतात. त्यामुळे कापाब्लांका-बिपाब्लांका मंडळींचं शांत, चिवट काम बघायचं असेल तर इथे उपाशी राहाल. आणि ज्यांना खेळ सुधारायचाय त्यांनी येऊच नये असं मी म्हणेन. माझा खेळ होता तसाच आहे. दुपारी अडतीवर हमालांचा मुकादम मला अजूनही हरवतो. फक्त आता तो मला कसा हरवतो ते बघायला मजा येते.

यायचं असेल तर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सव्वासहाला या. एक दिवस बसू देतात, त्याचे पैसे नाहीत. गाडी गणपती मंदिराच्या बाजूला लावा, वाड्याच्या बोळात दुचाकी वळत नाही. वही-पेन आपलं आणायचं. चहा फीमध्ये आहे, भडंग आळीपाळीनं आणायचं असतं. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं की गावभागातला वर्ग बंद ठेवतात आणि त्या महिन्याची फी पुढे वळती करतात. मागच्या वेळी न मागता केली होती.